जुना भाग परत हवा आहे का?

लॅपटॉप दुरुस्तीच्या फॉर्मच्या अगदी तळाशी ती ओळ होती. 'जुना भाग परत हवा आहे का?' आणि पुढे दोन चौकोन, होय, नाही. वरचं सगळं भरून झालं होतं: मॉडेल, सिरीयल नंबर, तक्रार काय, चार्जर सोबत दिला का, डेटाची जबाबदारी कोणाची. काउंटरवरच्या मुलीने पेनाचं टोक त्या ओळीवर टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. 'नको,' मी म्हणाले. तिने खूण केली, पावती फाडून माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. घडलं ते एवढंच. पण ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मांडीवर, टेबलावर, प्रवासात जिच्या जोरावर माझं काम चाललं ती लॅपटॉपची बॅटरी मी एकदाही पाहिलेली नव्हती. कशी दिसते, केवढी असते, आत काय असतं, काहीच ठाऊक नव्हतं. आणि न पाहताच मी ती नको म्हणून टाकली होती.

तक्रारीच्या रकान्यात त्या मुलीने 'बॅटरी बॅकअप नाही, टचपॅड जॅम' एवढंच लिहिलं. दोन वेगळ्या तक्रारी असाव्यात तशा. मलाही सुरुवातीला त्या वेगळ्याच वाटल्या होत्या. टचपॅडच्या डाव्या कोपऱ्यात बोट दाबलं की पूर्वी एक हलका, कोरडा 'टक्' यायचा. तो आधी बोदा झाला, मग यायचाच बंद झाला. बोटाखाली काहीतरी गच्च, आतून भरून आल्यासारखं लागायचं. मग टेबलावर ठेवलेला लॅपटॉप टाइप करताना डुगडुगू लागला. टेबल सपाट होतं, लॅपटॉपचा तळ सपाट राहिला नव्हता. झाकण मिटलं की पुढच्या कडेला एक बारीकशी फट राहायची आणि तिच्यातून पडद्याचा उजेड क्षणभर दिसायचा. आणि एके दिवशी, ३४ टक्के चार्जिंग दिसत असताना, लिहिता लिहिता पडदा काळा झाला. काही इशारा नाही, काही नाही. अर्धं वाक्य तिकडेच राहिलं.

या ३४ टक्क्यांचा मला फार राग आला होता. आता येत नाही. ती टक्केवारी म्हणजे बॅटरीतल्या एका छोट्या चिपने बांधलेला अंदाज असतो. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, व्होल्टेज किती आहे, याचा हिशेब ती ठेवत राहते आणि त्यावरून आकडा सांगते. सेल जुने झाले की त्यांचा आतला विरोध वाढतो. संथपणे काम चालू असेल तोवर सगळं ठीक दिसतं, पण प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे तो आकडा अगदीच खोटा नव्हता. वीज आत होती. मागितली त्या वेगाने ती बाहेर देणं मात्र बॅटरीला झेपत नव्हतं. हे कळल्यावर मी त्या बंद पडण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' नावाची एक कमांड आहे. तिच्याकडे बॅटरी रिपोर्ट मागितला की ती एक लांबलचक पान तयार करून देते. वर दोन आकडे असतात: बॅटरी बनवताना ठरवलेली क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यात प्रत्यक्ष मावते ती क्षमता. माझ्या पानावर पहिला आकडा ५०,००० मिलिवॅट-अवरच्या आसपास होता आणि दुसरा ३१,००० च्या. खाली तारखांप्रमाणे त्या उतरणीचा सगळा इतिहास होता. मी तो वाचायला बसले आणि उठवेना. कारण त्या तारखा माझ्याच होत्या. हा आठवडा त्या मोठ्या कामाचा, रात्री जागवणारा. हा प्रवासाचा. आणि मधेच काही आठवडे जवळजवळ कोरे होते. आई आजारी होती तेव्हाचे. त्या दिवसांत मी लॅपटॉप उघडलाही नव्हता, तो कपाटात तसाच पडून होता. तरी त्या कोऱ्या जागेनंतरचा आकडा आधीच्यापेक्षा कमी होता.

न वापरताही ती झिजत होती.

याचं उत्तर शोधताना सेलच्या आत डोकावावं लागलं, आणि आत जे चालतं ते मला फार देखणं वाटलं. एका बाजूला तांब्याच्या तलम पत्र्यावर ग्राफाइट या कार्बनच्या प्रकाराचा लेप. दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप. दोघांच्या मधे सच्छिद्र प्लास्टिकचा पातळ पडदा, आणि हे सगळं लिथियमचा क्षार विरघळवलेल्या द्रावणात भिजलेलं. चार्जिंग सुरू झालं की लिथियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, ऑक्साइडमधून निघतात आणि पडद्यातून पलीकडे जाऊन ग्राफाइटच्या थरांमध्ये बसतात, सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम. आपण काम करू लागलो की ते परत फिरतात. त्यांना जागा करून देताना ग्राफाइट सुमारे १० टक्के फुगतो, आणि ते गेले की पुन्हा आक्रसतो. रोज ही ये-जा. पण अगदी पहिल्या चार्जिंगला, बॅटरी कारखान्यातून बाहेरही पडलेली नसते तेव्हा, आणखी एक गोष्ट घडून जाते. चार्ज झालेल्या ग्राफाइटजवळ ते द्रावण टिकत नाही. त्याचं विघटन होतं आणि ग्राफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा हवाच असतो. तो उरलेल्या द्रावणाला ग्राफाइटपासून दूर ठेवतो आणि आयनांना मात्र वाट देतो. तो नसेल तर सेल चार दिवसही चालणार नाही. पण तो बनतो लिथियम खाऊन, आणि एकदा बनला की थांबतो असंही नाही. ग्राफाइटच्या फुगण्या-आक्रसण्याने त्याला बारीक भेगा जातात, त्या भेगा नव्याने बुजतात, प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. बॅटरी कपाटात पडून असली तरी हे काम हळूहळू चालूच राहतं, उष्णतेत जोराने, थंडाव्यात सावकाश. तिला चालू ठेवणारा आणि तिला झिजवणारा थर एकच आहे.

फुगण्याचं कारणही इथलंच. द्रावणाचं विघटन झालं की वायू सुटतात: कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, थोडे हायड्रोकार्बन. बॅटरी सतत गरम राहिली किंवा कायम शंभर टक्क्यांवर ठेवली, म्हणजे सेलचं व्होल्टेज ४.२ किंवा त्याच्याही वर टिकून राहिलं, की हे सगळं वेगाने होतं. हल्लीच्या लॅपटॉपमधले सेल चंदेरी, चपट्या, हवाबंद पिशव्यांमध्ये असतात. वायूला बाहेर पडायला जागा नाही, मग पिशवीच फुगते. आणि ती बहुतेक वेळा टचपॅडच्या खालीच बसवलेली असते. माझा 'टक्' गेला तो असा.

फॉर्म भरायच्या आधी त्या काउंटरवर मला कोणीतरी सहज म्हणून गेलं होतं, 'सतत चार्जिंगला लावून ठेवत असाल.' हे वाक्य मला लागलं. त्यात तथ्य नाही असं नाही. गरम जागा टाळली, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं, तर बॅटरी जास्त दिवस टिकते हे खरंच आहे. पण त्यामुळे फक्त तारीख पुढे ढकलली जाते. ज्या वस्तूची झीज पहिल्या दिवशी, आपल्या हातात यायच्याही आधी सुरू झालेली असते, तिच्या शेवटाचा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. वरून लॅपटॉप घेताना हे आपल्याला कोणी सांगत नाही. पत्रकावर बॅकअप किती तास ते ठळक अक्षरांत असतं. किती वर्षांनी त्याचं काय होईल, हे नसतं.

आमच्या घरात बॅटरीचं शास्त्र दादाकडून आलं. त्याचा नियम कडक होता: पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. मधेच लावली की तो अक्षरशः वायर काढून टाकायचा. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या तरी त्याचा नियम तोच. आता वाचल्यावर कळलं की तो जे सांगत होता ते त्याच्या काळापुरतं अगदी बिनबुडाचं नव्हतं. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना पुनःपुन्हा एकाच पातळीवरून चार्ज केलं की त्या तिथेच अडायच्या, जणू तेवढीच क्षमता त्यांच्या लक्षात राहायची. लिथियम-आयनला तसलं काही होत नाही. उलट वारंवार तळाला नेणं तिला सोसत नाही. तरी आजही चांगली शिकलेली माणसं 'पूर्ण उतरू द्या' असं सांगताना ऐकते तेव्हा मला दादाच आठवतो, आणि त्यांना अडवण्याआधी मी क्षणभर थांबते. ज्याच्याकडे त्याच्या ऐपतीची एकच बॅटरी होती आणि ती त्याला जपायची होती, अशा माणसाचा तो नियम होता.

त्याच्या पहिल्या लॅपटॉपची बॅटरी हाताने निघायची. लॅपटॉप उपडा करायचा, तळाच्या दोन खिट्या अंगठ्यांनी बाजूला सारायच्या, की ती 'खट्' करून बाहेर. हातात घेतली की चांगली जड लागायची. एका कडेला सोनेरी टोकांची रांग, पाठीवर बारीक अक्षरांतलं लेबल. आत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल असायचे, म्हणून त्यांना आजही १८६५० म्हणतात. लांबच्या प्रवासाला जाताना तो एक जादा बॅटरी बॅगेत टाकायचा, आणि बदलायचं काम माझ्याकडे असायचं. मला ते फार आवडायचं. पण ती जाड वस्तू पूर्ण निर्धोक होती अशातला भाग नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीच्या सेलच्या जवळपास ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सेल बनवताना आत धातूचे सूक्ष्म कण राहिले होते आणि त्यांच्यामुळे आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. एवढ्या प्रचंड संख्येने त्या परत घेता आल्या याचं एक कारण मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकांना फक्त दोन खिट्या सरकवायच्या होत्या. लॅपटॉप घरीच राहिला, गेली ती बॅटरी.

माझी मात्र आत बंद होती.

नवी बॅटरी आल्याचा फोन आला तेव्हा मी जाऊन सरळ विचारलं, 'काम समोर बघता येईल का?' नियमाप्रमाणे काउंटरच्या आत ग्राहकाला जाता येत नाही. आतला तंत्रज्ञ, असेल पंचविशीचा, बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'आत नाही घेता येणार ताई. पण मी टेबल काचेशी लावतो, तुम्ही इथून बघा.' त्याने खरोखरच टेबल ओढलं, दिवा फिरवला आणि काम सुरू केलं. आधी त्याने बॅटरी किती चार्ज आहे ते पाहिलं आणि पुरेशी उतरलेली आहे याची खात्री करून घेतली. 'भरलेली असली की जास्त भडकते,' तो म्हणाला. मग लॅपटॉप बंद करून पालथा घातला. तळाचे स्क्रू तो काढत होता आणि ज्या जागेवरून काढला त्याच जागी समोरच्या चुंबकाच्या चटईवर ठेवत होता, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डात घुसतो. कडेच्या फटीत प्लास्टिकची पातळ पात घालून तो ती सावकाश फिरवत गेला. एकेक खाच सुटल्याचा आवाज मला काचेतून ऐकू येत होता. झाकण निघालं. सगळ्यात आधी, दुसऱ्या कशालाही हात न लावता, त्याने बॅटरीचा कनेक्टर सोडवला.

आणि मला ती दिसली. तीन चंदेरी पिशव्या शेजारी शेजारी, एका काळ्या पट्टीने जोडलेल्या. कडेच्या दोन सपाट. मधली उशीसारखी फुगलेली, इतकी की तिच्यावरचं छापील लेबल ताणून अक्षरं रुंद झाली होती. त्याने तिच्यावर बोट टेकवून ती किती ताठ आहे ते मला दाखवलं, दाबलं मात्र नाही. 'बघा, हिने धरून ठेवलंय सगळं,' तो म्हणाला. हे मला सुचलं नव्हतं. मी फुगण्याला बिघाड समजत होते. त्याच्या लेखी पिशवी फुगलेली आहे याचा अर्थ ती अजून फाटलेली नाही असा होता.

खरं काम यापुढे होतं. बॅटरी तळाला चिकटवलेली होती. त्याने एका बारीक नळीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब तिच्या कडेखाली सोडले आणि थांबला. मग आणखी थोडे. काचेपलीकडूनही तो तीव्र, गार वास आला. नंतर प्लास्टिकचं एक रुंद, बोथट कार्ड त्याने कडेतून आत सरकवायला सुरुवात केली. केसभर पुढे, मग थांबायचं, मग पुन्हा. डिंक सुटताना चिकटपट्टी हळू ओढल्यावर येतो तसा चरचर आवाज येत होता. कडेच्या पिशव्या सुटल्या, मधली सुटेना. त्याने घाई केली नाही, कार्ड बाहेर काढलं, पुन्हा अल्कोहोल सोडलं आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसला. 'स्क्रूड्रायव्हर घातला असता तर केव्हाच निघाली असती,' मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, 'पण भोक पडलं की संपलं.' त्याच्या पायाशी कोरड्या वाळूने भरलेली बादली होती. ती तिथे कशासाठी आहे हे मला तेव्हा कळलं.

सेलमधल्या दोन पत्र्यांच्या मधला तो प्लास्टिकचा पडदा सुमारे २० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. तो फाटला किंवा पिशवी वाकून दबली, की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आतच शॉर्ट सर्किट होतं, उष्णता वाढते, उष्णतेने विघटन वाढतं, त्याने आणखी उष्णता. ते द्रावण ज्वालाग्राही असतं. एकदा हे चक्र सुरू झालं की बाहेरून थांबवणं अवघड. आणि त्या मुलाचे हात यापासून कार्डाच्या जाडीइतके दूर होते. मी तिथे उभी होते तोवर माझा श्वास नीट चालला नाही. त्याचा चालू होता.

हा धोका कोणाला नंतर कळला असं नाही. ही बॅटरी जन्मालाच धोक्याशी झुंजत आली. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्झॉन या तेल कंपनीत लिथियम धातू आणि टायटॅनियम डायसल्फाइड वापरून जी बॅटरी केली, तिच्यात चार्जिंगच्या वेळी लिथियमचे सुईसारखे कोंब फुटायचे, ते पलीकडे पोचले की शॉर्ट सर्किट आणि आग. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइड आणलं आणि व्होल्टेज ४ पर्यंत नेलं. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातू काढून टाकून त्या जागी पेट्रोलियम कोक हा कार्बनचा प्रकार घातला. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचं जड वजन पाडून पाहिलं. आग लागली नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर तेच वजन पाडलं तेव्हा भडका उडाला. लिथियम-आयन बॅटरी खऱ्या अर्थाने जन्मली ती त्या क्षणी, असं योशिनो मानतात. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळालेल्यांत सर्वांत वयस्क. या सगळ्या हकिकतीत मला ती वजन पाडून पाहणारी माणसं फार जवळची वाटतात. आपण केलेली वस्तू कोणाच्या तरी मांडीवर जाणार आहे, हे त्यांनी आधी पाहिलं.

तोच धागा पुढे लॅपटॉप बनवणाऱ्यांनी सोडला असं मला वाटतं. ज्या भागाची झीज ठरलेली आहे, जो फुगू शकतो, जो फाटला तर पेटू शकतो, तोच भाग डिंकाने चिकटवून टाकायचा हे मला मान्य नाही. त्यांची बाजू मला कळते. गोल सेलच्या पोलादी डब्याऐवजी पिशवी वापरली की जागा वाचते, वजन वाचतं, त्याच जाडीत जास्त वीज मावते. डिंकामुळे बॅटरी हलत नाही. हातात घेतल्यावर जो हलकेपणा मला सुखावतो तो यातूनच आला आहे, आणि तो मला सोडवणार नाही. पण पिशवी वेगळी आणि डिंक वेगळा. आजही काही मशीनमध्ये पिशव्यांचीच बॅटरी चार-पाच स्क्रूंवर बसवलेली असते. काहींत चिकटपट्टीला शेपूट ठेवलेलं असतं, ते धरून ओढलं की पट्टी ताणली जाऊन सुटते. म्हणजे जमतं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीच्या कायद्यात तर हे लिहूनच ठेवलं आहे: १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, उपकरणातली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, आणि त्यासाठी उष्णता किंवा द्रावक वापरायची वेळ येता कामा नये. तो द्रावकाचा उल्लेख वाचला तेव्हा मला ती बारीक नळी आणि मांडीवर ठेवलेले हात दिसले. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी असं काम जवळून पाहिलेलं असणार.

शेवटी मधली पिशवी सुटली. त्याने ती दोन्ही तळव्यांवर आडवी घेतली, कुठेही न वाकवता, आणि टोकांवर चिकटपट्टी लावून वाळूच्या पेटीत ठेवली. मी त्याला फॉर्मवरच्या त्या ओळीबद्दल विचारलं. 'फुगलेली असेल तर आम्ही देतच नाही, कोणी मागितली तरी,' तो म्हणाला, 'पण ओळ सगळ्यांसाठी एकच आहे. लोकांना जुना भाग कशाला हवा असतो सांगू? बदलला की नाही हे कळावं म्हणून.' मला हे ऐकून वाईट वाटलं, आणि पटलंही. बंद दाराआड झालेल्या कामाचा दुसरा पुरावा ग्राहकाकडे असतो कुठे? म्हणून माणसं निरुपयोगी, कधीकधी धोकादायक वस्तू पिशवीत घालून घरी नेतात आणि ती कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहते. त्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ हवी: 'काम समोर पाहायचं आहे का?' त्या मुलाने टेबल काचेशी ओढलं त्याला फार वेळ लागला नाही. पण त्यानंतर मला कुठलाही पुरावा नको होता.

जुन्या बॅटरीचं पुढे काय होतं हेही त्यानेच सांगितलं, बोलता बोलता नवी बसवत. गोळा झालेल्या बॅटऱ्या एकत्र पुढे जातात, आधी त्यांच्यातली उरलेली वीज काढतात, मग त्या भरडतात. पत्रे आणि प्लास्टिक वेगळं केलं की उरते एक काळी भुकटी, तिला त्या धंद्यात 'ब्लॅक मास'च म्हणतात. तिच्यातून रसायनांनी कोबाल्ट, निकेल, लिथियम परत मिळवतात. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टचा मोठा हिस्सा एकट्या काँगोतून येतो, आणि तिथे तो काही ठिकाणी माणसं, त्यांत लहान मुलंही, हातांनी खणून काढतात. लिथियम येतं ऑस्ट्रेलियाच्या खडकांतून आणि चिलीच्या वाळवंटातल्या खाऱ्या पाण्यातून. एवढं लांबून, एवढ्या हातांतून आलेली वस्तू नुसती घरच्या कचऱ्यात गेली तर हे सगळं मातीत जातं, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर गाडीच पेटते. म्हणून मी नको म्हटलं ते बरंच झालं. मात्र नको म्हणताना ती कुठे जाणार हे विचारायला हवं, हे मी आता सगळ्यांना सांगत असते.

नवी बॅटरी अर्धवट चार्ज होऊन आली होती. पूर्ण भरून पाठवत नाहीत, कारण भरलेली जास्त भडकते. कनेक्टर बसला, मशीन सुरू झालं, आणि तळाचं झाकण बंद करण्याआधी त्याने टचपॅड माझ्याकडे केला. मी काचेच्या खालच्या फटीतून हात घालून डावा कोपरा दाबला. टक्. तो हसला. त्याने चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर कशी लावायची ते दाखवलं, प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढायची हे सांगितलं, लॅपटॉप महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्ध्यावर ठेवा म्हणाला. मी सगळं लिहून घेतलं.

पुढचा लॅपटॉप कधी घ्यायचा ते अजून ठरलेलं नाही. पण घेताना प्रोसेसर आणि पडद्याच्या आधी मी विचारणार आहे की तळाचं झाकण कशाने उघडतं आणि बॅटरी डिंकावर आहे की स्क्रूवर. विकणाऱ्याला ते माहीत नसेल तर बऱ्याच कंपन्या आपल्या मशीनची दुरुस्तीची पुस्तिका खुली ठेवतात, त्यात बॅटरी काढायचं पान असतं. ते पान आधी वाचणार. आणि पान सापडलंच नाही, तर तो लॅपटॉप घेणार नाही.